अंदमानच्या सहली नेणाऱ्या मराठी सहल आयोजकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आणि नाताळच्या सहलींची तुमची पत्रके आता छापायला जातील. त्यांत अंदमान असणारच. मराठी माणूस अंदमानला नुसता समुद्र बघायला जात नाही. सेल्युलर जेल बघायचे, सावरकरांच्या कोठडीपुढे उभे राहायचे, ही कितीतरी घरांतली जुनी इच्छा असते, आणि ती पुरी करण्याचे काम तुम्ही वर्षानुवर्षे निष्ठेने करत आला आहात. पंचाहत्तरीच्या आजींना दोन्ही हातांनी धरून जेट्टीवरून बोटीत उतरवणारे तुमचे टूर मॅनेजर मी पाहिले आहेत. म्हणूनच हे पत्र वनखात्याला किंवा अंदमान प्रशासनाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर अंदमानला कधी सहल संस्थांबरोबर, कधी आमची आम्ही, अशी जात राहिले. माझे म्हणणे एवढेच आहे की बेटांवरच्या आणि भोवतीच्या पाण्यातल्या जिवांपुढे कसे वागायचे, हे माणसांना बोटीत बसल्यावर सांगून काही उपयोग होत नाही. ते आदल्या दिवशी सांगावे लागते. आणि ते सांगण्याची सोय सबंध सहलीत फक्त तुमच्या हातात आहे.

जेलचेच बघा. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला पोचल्यावर तुमचा टूर मॅनेजर बसमध्ये माइक हातात घेतो. १८९६ ते १९०६ या काळात झालेले बांधकाम, इमारतीच्या सात पाकळ्यांपैकी उरलेल्या तीन, कोलू, १९११ मध्ये सावरकर तिथे कसे आले, हे सगळे तो सांगतो. काही जण तर ते पाठ असल्यासारखे, पण मनापासून सांगतात. मग लोक तिसऱ्या मजल्यावरच्या त्या शेवटच्या कोठडीपाशी जातात, तेव्हा कुणी न सांगता चपला बाहेर राहतात. मुलेसुद्धा हळू बोलतात. चाळीस माणसांचा ग्रुप पाच-सात मिनिटे गप्प उभा असतो. आपल्या लोकांना गप्प राहता येत नाही, हे म्हणणे त्यामुळे मला मान्यच नाही. त्यांची मनाची तयारी करून नेले की ते उत्तम वागतात.

आता त्याच ग्रुपला पॅरट आयलंडच्या बोटीत बघा. बाराटांगला मुक्काम करणाऱ्या सहली थोड्या, पण ज्या करतात त्यांच्या कार्यक्रमात संध्याकाळची ही फेरी असते. खाडीतून होडी निघते, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि मधे खारफुटीनेच भरलेले एक लहानसे बेट. अंदमान इतके पूर्वेला आहे की थंडीत तिथे पाच वाजता सूर्य बुडतो. तेवढ्यात पोपट यायला लागतात. आधी दोन-तीन, मग दहा-वीस, आणि मग चारही दिशांनी थव्यांमागून थवे. तांबड्या छातीचे पोपट असतात, मोठे करण पोपट असतात, लांब शेपटीचे असतात. बेटावर एक चक्कर मारायची, बसायचे, पुन्हा उठायचे, शेजाऱ्याशी भांडायचे, दुसरी फांदी शोधायची. पंधरा-वीस मिनिटांत सगळे बेट आवाजाने भरून जाते, आणि अंधार दाटला की तो आवाज हळूहळू विरत जातो. या देशात इतक्या सहज, नुसते होडीत बसून बघायला मिळणारी अशी गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

मी ज्या सहलीबरोबर गेले होते, त्या होडीत पहिले थवे आले तेव्हाच शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी मोबाइलवर गाणे लावले. पक्षी बसल्यावर फोटोत नीट दिसेनात, म्हणून दोघांनी टाळ्या वाजवून ते उडवले. मग होडीवाल्याला सांगून होडी अगदी खारफुटीला भिडवली आणि इंजिन घुरघुरवले. सबंध थवा पुन्हा आकाशात गेला, तोवर जवळजवळ अंधार पडला होता. त्यानंतर फ्लॅश. पोपट हा रात्री वावरणारा पक्षी नाही. दिवसभर चरून, लांबून उडत येऊन त्याने रात्रीसाठी जागा धरलेली असते. अंधारात त्याला पुन्हा उठवले, की ती जागा जाते, अंगातली शक्ती जाते आणि फांद्यांत धडपडायची वेळ येते. एका होडीने एकदा केले तर कदाचित निभावेल. हंगामात रोज संध्याकाळी होड्या येतात.

परत येताना मी होडीवाल्याला विचारले, असे का करता? तो म्हणाला, "मॅडम, पार्टी बोलेगा तो करना पडता है. पार्टी खुश नहीं तो एजंट दूसरा बोट लेगा." त्याचे खरे होते. होडी किती वेगात न्यायची, कुठे थांबवायची, किती जवळ घालायची, हे वरवर तो ठरवतो. प्रत्यक्षात ते तुमच्या लोकल एजंटच्या बोलण्यात आणि तुमच्या पत्रकातल्या शब्दांत आधीच ठरलेले असते.

हॅवलॉकच्या, म्हणजे स्वराज द्वीपच्या, एलिफंट बीचविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे तुमचा जवळजवळ प्रत्येक ग्रुप जातो. जेट्टीवरून स्पीडबोट, उतरल्यावर लाइफ जॅकेट, रबरी रिंग, तोंडाला नळी, आणि एक मुलगा रिंग ओढत आपल्याला प्रवाळावरून नेतो. ज्याने आयुष्यात कधी पाण्याखाली डोळे उघडलेले नाहीत, त्या माणसाला तिथे पहिल्यांदा प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. लोकांनी हे जरूर बघावे.

पण तिथे दोन गोष्टी होतात. पहिली, माणसे प्रवाळावर उभी राहतात. मुद्दाम कुणी राहत नाही. नळीत पाणी शिरते, जीव घाबरतो आणि पाय आधार शोधतात. पायाखाली जे येते ते दगड नसते. ती सजीव वसाहत असते. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ चहूबाजूंनी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. हातभर रुंदीचा घुमट व्हायला वीसेक वर्षे जातात, आणि फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ तर एका पायाने मोडते. २००४ च्या डिसेंबरात सुनामी आणणारा भूकंप झाला, तेव्हा उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि तिथले प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले. दक्षिणेकडची जमीन खचली. त्याआधी १९९८ मध्ये आणि नंतर २०१० व २०१६ मध्ये समुद्राचे पाणी जास्त तापले. पाणी तापले की प्रवाळ आपल्या शरीरातल्या सूक्ष्म शैवालाला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ते शैवालच त्याला बरेचसे अन्न पुरवते. पाणी वेळेत निवले नाही तर प्रवाळ उपाशी मरते. एवढ्यातून जे सावरते आहे, त्यातल्या कितीतरी वसाहती अजून तळहाताएवढ्या आहेत, आणि आपले लोक नेमके उथळ पाण्यात, त्यांच्यावर उभे राहतात.

यावर उपाय साधा आहे. नळी लावून श्वास कसा घ्यायचा याचा सराव वाळूवर, कमरेएवढ्या पाण्यात, अर्धा तास करून घ्यायचा. ज्यांना तो जमत नाही त्यांना काचेच्या तळाच्या बोटीत बसवायचे. ज्येष्ठांना तेच सोयीचेही पडते. हा अर्धा तास तुमच्या वेळापत्रकात नाही, कारण त्याच दुपारी पुढचा पॉइंट असतो.

दुसरी गोष्ट ब्रेडची. फोटोत मासे भोवती यावेत म्हणून पाण्यात ब्रेड आणि बिस्किटे टाकतात. ब्रेडवर झडप घालणारे धीट मासे तिथे वाढतात आणि बाकीचे बाजूला पडतात. पोपट मासा नावाचा एक सुरेख निळा-हिरवा मासा तिथे आहे. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचे शैवाल खरवडून खातो. त्यामुळे नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळते. त्याच्या पोटातून जो चुरा पडतो, त्यातूनच तुम्ही जाहिरातीत दाखवता त्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग तयार होतो. या माशाला त्याचे काम करू द्यावे. जो ऑपरेटर ब्रेड टाकतो त्याला काम देऊ नका, एवढे तुम्ही सहज करू शकता.

नील बेटावरचा, म्हणजे शहीद द्वीपवरचा, नॅचरल ब्रिज ओहोटीच्या वेळी बघायचा असतो. खडकांतल्या डबक्यांत तेव्हा छोटे मासे, खेकडे, शिंपले आणि समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी, अडकलेले असतात. वाट दाखवणारी मुले समुद्रकाकडी उचलून पर्यटकांच्या तळहातावर ठेवतात आणि ती चाळीस हातांतून फिरते. दचकली की ती आपली आतडीसुद्धा बाहेर टाकते, आणि लोक किंचाळून ती खाली टाकतात. भारतात समुद्रकाकडी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वाघ ज्या परिशिष्टात आहे त्याच. ताडोब्याच्या जिप्सीत बसणाऱ्या माणसाला खाली उतरू नये हे कळते, कारण त्याला ते आधी बजावलेले असते. नील बेटावर त्याला कुणीच काही सांगितलेले नसते.

शंख-शिंपल्यांचे तसेच. किनाऱ्यावर पडलेला रिकामा शंख रिकामाच असतो असे नाही. त्यात राहणारे खेकडे अंदमानच्या किनाऱ्यांवर जागोजाग दिसतात. त्यांचे पोट मऊ असते, स्वतःचे कवच नसते, आणि अंग वाढले की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो. चांगले शंख आपण उचलून नेले की ते कुठे जातात? मी त्यांना बाटलीच्या टोपणात अंग कोंबून चालताना पाहिले आहे. एका सहलीत आमच्या शेजारच्या खोलीतल्या बाईंनी दुपारी वेचलेले शंख पिशवीत ठेवले होते. रात्री पिशवी हलायला लागली. बाई भल्या होत्या. त्यांनी टॉर्च घेऊन, नवऱ्याला उठवून, सगळे शंख किनाऱ्यावर नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनीच इतरांना ते सांगितले, आणि त्या सहलीत पुन्हा कुणी शंख उचलला नाही. प्रवाळाचा तुकडा, मग तो मेलेला का असेना, आणि कायद्याने संरक्षित शंख-शिंपले विमानतळावरच्या तपासणीत सापडले तर प्रकरण गंभीर होते, हेही तुमच्या लोकांना निघण्याआधी कळायला हवे. सामान परत उघडायला लावल्यावर होणारी रडारड टाळता येण्यासारखी आहे.

रॉस बेटावर, आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात, हरणांना बिस्किटे घालू नयेत हे लिहायला नको होते, पण लिहिते. ती हरणे मुळात अंदमानची नाहीत. इंग्रजांनी चितळ मुख्य भूमीवरून आणले. अंदमानात त्यांना खाणारे जनावर नव्हते. ते पोहून बेटाबेटांवर गेले, आणि त्यांनी कोवळी रोपे खाल्ल्यामुळे जंगलाची पुढची पिढी उगवणे अवघड झाले. बिस्किटे खाऊन पोसलेले हरीण बघून मुलांना आनंद होतो हे खरे. त्याच ठिकाणी त्यांना ही गोष्ट सांगितली तर मुले ती जास्त लक्षात ठेवतील.

बेट म्हणजे काय, हेही त्यांना सांगा. नारकोंडम नावाचे एक बेट आहे, सात चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, आणि नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त तिथे आहे. जमिनीवर एखाद्या प्राण्याला त्रास झाला तर तो पलीकडच्या रानात जातो. बेटावर पलीकडे समुद्र असतो.

डुगाँगचे नाव तुमच्या पत्रकात मी कधी वाचले नाही. ही समुद्रगाय अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी आहे. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप यांच्या आसपासच्या उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणे आहेत, तिथे ती चरते. मादी तेरा-चौदा महिने गर्भ वागवते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढचे पिल्लू होईपर्यंत तीन ते सात वर्षे जातात. एक मादी बोटीच्या पंख्याने कापली गेली तर ते नुकसान भरून यायला किती काळ लागेल याचा हिशेब तुम्हीच करा. श्वासासाठी तिला वर यावेच लागते, आणि उथळ पाण्यात वेगाने जाणारी बोट तिला चुकवता येत नाही. तुमच्या ग्रुपला ती दिसणार नाही. ती दिसावी अशी माझी मागणीही नाही. ती तिथे आहे म्हणून कुरणांवरून स्पीडबोट हळू न्यावी, एवढीच आहे.

डॉल्फिनच्या बाबतीत मात्र मागणी आहे. पत्रकातून "डॉल्फिन दर्शन" हे शब्द काढा. ते शब्द वाचून आलेला माणूस दर्शन झाले नाही की पैसे फुकट गेले म्हणतो. मग बोटवाला डॉल्फिनच्या कळपामागे बोट पळवतो, दोन-तीन बोटी मिळून कळपाला घेरतात, आणि पिल्लू आईपासून तुटते. इंजिन बंद करून लांब थांबले तर डॉल्फिन कधीकधी आपणहून बोटीजवळ येतात. कधीकधी येतही नाहीत.

बाराटांगच्या रस्त्याचा विषय या पत्राचा नाही, पण तो टाळणे मला बरे वाटत नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जारवा ही माणसे आहेत, त्यांचे ते घर आहे. गाडीच्या खिडकीतून "दिसले का, दिसले का" असे विचारणाऱ्या आपल्या माणसांना तिथल्या तिथे थांबवणे हे टूर मॅनेजरचे काम आहे.

तुम्ही म्हणाल, एवढे नियम लादले तर लोक दुसऱ्या कंपनीकडे जातील. त्यावर माझे उत्तर जॉली बॉय बेट हे आहे. वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातले हे बेट. १९८३ मध्ये हे उद्यान झाले, २८१ चौरस किलोमीटरचे. तिथे प्लॅस्टिक न्यायला बंदी आहे. जेट्टीवर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या काढून घेतात. जॉली बॉय आणि रेडस्किन ही दोन बेटे आलटून पालटून उघडी ठेवतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. तुमच्या सहलीत चिवडा-लाडवांच्या पुड्या असतात, त्यासुद्धा तिथे बाहेर राहतात. आजवर एकाही माणसाने त्या बंदीवरून सहल रद्द केल्याचे मी ऐकलेले नाही. उलट परत आल्यावर लोक तेच कौतुकाने सांगतात: किती स्वच्छ बेट, काय पाणी! आपली माणसे शिस्त पाळतात आणि तिचा अभिमानही बाळगतात. पुडीऐवजी स्टीलचा डबा दिलात तर तोही मिरवतील.

म्हणून मागणे असे. बेटांवर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी, अर्धा तास टूर मॅनेजरने बोलावे. जेलबद्दल तो ज्या तळमळीने बोलतो, त्याच तळमळीने. एजंटशी होणाऱ्या करारात लिहून घ्यावे की जनावर दिसले की बोटीचा वेग उतरेल, पाठलाग होणार नाही, ब्रेड टाकला जाणार नाही, पॅरट आयलंडला इंजिन बंद राहील आणि मोबाइलचे फ्लॅशही. बोटवाल्याची बक्षिशी काय दिसले यावर न ठेवता त्याने बोट कशी चालवली यावर ठेवावी, आणि ती त्याला आधीच कळवावी. हे घडले तर बदल पहिल्याच हंगामात दिसेल, कारण बोटवाल्यांना तो हवा आहे. त्यांची मुलेबाळे याच पाण्यावर जगणार आहेत.

आणखी एक विनंती आहे, ती निव्वळ आनंदासाठी. हॅवलॉकला जाताना किंवा येताना एक फेरी सरकारी जहाजाने करा. खासगी बोटी जलद असतात, पण बहुतेक काचबंद, थंडगार, समोर टीव्ही लावलेला. सरकारी जहाजाला वेळ जास्त लागतो आणि ग्रुपची तिकिटे मिळवणे कटकटीचे असते, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या उघड्या डेकवर कठड्याला टेकून उभे राहिले की पाण्यातून उडते मासे सुटताना दिसतात, पाण्याला न शिवता लांबवर तरंगत जातात आणि पुन्हा लाटेत शिरतात. सुरय पक्षी पाण्यावर सूर मारतात. किनारा जवळ आला की पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड एखाद्या उंच झाडावरून निघतो. तिथे कुणाला काही टाकावे, हाकारावे, पकडावे असे वाटतच नाही. एका सहलीत सत्तरीच्या एका गृहस्थांनी सबंध वेळ खुर्ची न मागता डेकवर काढला होता.

आदल्या संध्याकाळी सांगायच्या अर्ध्या तासाचे टिपण मी सोप्या मराठीत तयार केले आहे. कोणता प्राणी कुठे दिसतो, त्याच्यापासून किती लांब राहायचे, नळी लावण्याचा सराव कसा करायचा, असे सगळे त्यात आहे. ज्या संस्थेला हवे असेल तिने ते घ्यावे, आपल्या पत्रकात छापावे, हवे तसे बदलावे. माझे नाव त्यावर नको, मोबदलाही नको. फक्त पत्रके छापायला जाण्याआधी घ्या.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
नाशिक